दस्तकात न मावलेला थकवा

१/ मार्च १७९५ च्या लढाईमुळे खर्डा इतिहासात अजरामर झाले. लढाया मात्र क्वचित होत; वाटेवरची तपासणी नित्याची. पेशवाईत माल नेणाऱ्यास चौक्यांवर दस्तक, म्हणजे वाटेचा परवाना, दाखवावे लागे.

२/ त्या कागदामागे चिंता होती जकातीची. बैल हाकणारा किती कोस अखंड चालला, हे त्यात नसे.

३/ आज खर्ड्याहून जाणाऱ्या मालट्रकच्या चालकाकडे परवाना, विमा, माल यांचे कागद मागितले जातात. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पण ती पाळली गेली का, हे रस्त्यावर पडताळायचे कसे?

४/ युरोपीय संघात टॅकोग्राफ हे यंत्र चालवण्याची व विश्रांतीची वेळ नोंदवते. ३१ डिसेंबर २०२४ पासून तेथील चालकास चालू दिवसाच्या आणि मागील ५६ दिवसांच्या नोंदी तपासणीत दाखवाव्या लागतात. आपल्याकडे सर्वच ट्रकना हे यंत्र बंधनकारक नाही.

५/ ही चालकावरची पाळत नव्हे काय? काही अंशी आहेच. परंतु ‘रातोरात माल पोहोचव’ म्हणणाऱ्या मालकासमोर तीच नोंद चालकाची साक्षीदार ठरेल. दस्तकाने राज्याचा महसूल राखला. आता एका कागदाने माणसाची झोपही राखावी.