माज नव्हे, स्वमग्नता!

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ हातात मेमो घेऊन आमच्याकडे आले. वय ४६, शासकीय कार्यालयात लिपिक, घराण्यातले पहिले पदवीधर. मेमोत आरोप असे की, ते वरिष्ठांशी बोलताना नजर वर करीत नाहीत, सहकाऱ्यांत मिसळत नाहीत, सांगितलेले काम शब्दशः तेवढेच करतात आणि टेबल बदलले की आकांडतांडव करतात. मग त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. लेकीची तपासणी करताना डॉक्टरांना बापाचीही शंका आली होती. निदान : ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता.

२३ वर्षांच्या नोकरीत हा माणूस ‘माजलेला’ म्हणून ओळखला गेला. हेच वागणे एखाद्या उच्चवर्णीय साहेबाचे असते तर लोक म्हणाले असते, ‘अबोल आहेत हो, विद्वान माणसे अशीच असतात.’ आपला माणूस तसा वागला की लगेच ‘कोट्यातून आलेत!’ वागणे एकच, पण जात पाहून त्याला नाव दोन!

स्वमग्नता हा वेडेपणा नाही. ती जन्मापासूनची मेंदूची वेगळी घडण आहे, आयुष्यभर राहते आणि औषधाने जात नाही. गोंगाट, प्रखर उजेड, अचानक झालेला बदल अशा माणसांना सोसत नाही; समोरच्याचे न बोललेले त्यांना उमगत नाही. मुळात ‘स्वमग्नता’ हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. यातले कितीतरी जण चारचौघांत खपून जावे म्हणून दिवसभर इतरांची नक्कल करतात आणि घरी आल्यावर कोसळतात. बायका तर हे इतके बेमालूम झाकतात की निदानाचा प्रश्नच कोणाला पडत नाही.

मग इतक्या उशिरा का कळले? कारण कळायला वावच नव्हता. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची यादी होती, तीत स्वमग्नता नव्हती. ती आली १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात. प्रौढाचे निदान करताना डॉक्टर विचारतात, तिसऱ्या वर्षी हा कसा बोलायचा, कसा खेळायचा? ज्याची आई दिवस उजाडायच्या आत दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जात होती आणि आज हयात नाही, त्याने साक्षीदार कुठून आणायचा? खासगी तपासणीचा खर्च तर विचारूच नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक स्वमग्न होता. २०११ च्या जनगणनेतील सव्वाअकरा कोटी महाराष्ट्राला हाच हिशेब लावला तर पावणेनऊ लाख माणसे होतात. त्याच जनगणनेत अनुसूचित जातींमधील अपंगांचे प्रमाण २.४५ टक्के होते. अनुसूचित जाती-जमाती वगळून इतरांत २.१८. त्यात स्वमग्नतेचा रकानाच नव्हता.

कायद्याने ४ टक्के समांतर आरक्षण दिले. पण त्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या साऱ्यांना मिळून फक्त १ टक्का! तोही ४० टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर. आयुष्यभर निभावून नेलेला माणूस टक्केवारीत कमी भरतो. निभावले हाच त्याचा गुन्हा! परंतु आरक्षण वेगळे आणि वाजवी सोय वेगळी. कलम २० प्रमाणे शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला अशी सोय द्यायचीच आहे. तिला ४० टक्क्यांची अट लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात लेखनिकाच्या प्रश्नावर स्पष्ट केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, मानसिक अपंगत्व असलेल्याची शिस्तभंगाची चौकशी हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे न्यायालय म्हणाले. सोय म्हणजे तरी काय? तोंडी हुकमाऐवजी लेखी सूचना, कोपऱ्यातले टेबल, बदलाची आगाऊ कल्पना. तिजोरीवर याचा भार किती पडणार?

इंग्लंडने २००९ साली स्वमग्न प्रौढांसाठी स्वतंत्र कायदा केला. रांगा तिथेही लांबच आहेत, पण जबाबदारी कोणाची हे ठरले. महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. त्याने जिल्हा रुग्णालयांत प्रौढांच्या तपासणीचा वार ठरवून द्यावा आणि आई-बापाच्या साक्षीअभावी कोणाला परत पाठवू नये, असा आदेश काढावा.

आता थोडे आपल्याविषयी. जयंतीच्या डीजेपुढे कान झाकून उभ्या राहिलेल्या पोराला ‘भित्रा’ आपणच म्हणतो. प्रत्येक जीआर तारखेसह तोंडपाठ असलेला, पण सभेत न येणारा कार्यकर्ता आपल्यालाच ‘विक्षिप्त’ वाटतो. आपल्या कर्मचारी संघटना रोस्टर आणि जात पडताळणीसाठी जीव तोडून लढतात. कलम २३ प्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. आपल्या कार्यालयात तो कोण, हे किती पदाधिकाऱ्यांना सांगता येईल?

त्या गृहस्थांच्या मेमोला उत्तर देण्याची मुदत सोमवारी संपते. उत्तर आणि सोयीचा अर्ज आम्ही सोबत बसून लिहिला. त्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी सोमवारी त्यांच्याबरोबर साहेबांसमोर जावे. एकट्याने बोलणे त्यांना जमणार नाही.