कोयरीचे गाव पेस्ली



आईच्या लुगड्याच्या पदरावर किंवा ताईच्या मेंदीत कोयरी आपण नेहमी पाहतो. इंग्रजीत या नक्षीला ‘पेस्ली’ म्हणतात. पेस्ली हे स्कॉटलंडमधील व्हाइट कार्ट नदीच्या काठचे जुने गाव आहे.

गावाचे नाव ‘बॅसिलिका’ म्हणजे चर्च, या लॅटिन शब्दावरून आले, असे अभ्यासक मानतात. ११६३ मध्ये वॉल्टर फिट्झअॅलन या सरदाराने तेथे ख्रिस्ती मठ स्थापन केला. मठाच्या आसऱ्याने वस्ती वाढली. १४८८ मध्ये तिला व्यापारी गावाचा दर्जा मिळाला. पुढे घरोघरी हातमाग आले.

कोयरी मात्र पेस्लीची नव्हे. ती काश्मिरी शालींवरची. त्या शाली युरोपात फार महाग विकल्या जात. १८०५ च्या सुमारास पेस्लीचे विणकर तशाच, पण स्वस्त शाली विणू लागले. त्या इतक्या खपल्या की नक्षीलाच गावाचे नाव पडले. काश्मीरचा कारागीर मागे राहिला.

पण पेस्लीचा विणकर तरी सुखी होता काय? शालीतले रंगीत धागे एकत्र बांधून ठेवायला एक बारीक सुती धागा लागे. त्याला ‘स्मा शॉट’ म्हणत. शाल पूर्ण झाली की तो दिसत नसे. मालक म्हणत, जो धागा दिसत नाही त्याचे पैसे कसले? विणकर म्हणाले, तो काढा, मग शाल टिकते का बघू! लढा लांबला. विणकर एकजुटीने राहिले. अखेर १८५६ मध्ये मालकांना त्या धाग्याचे पैसे देणे भाग पडले. त्या विजयाची आठवण म्हणून जुलैच्या पहिल्या शनिवारी पेस्लीत आजही ‘स्मा शॉट दिन’ साजरा होतो.

१८७० नंतर शालींची फॅशन गेली, माग थांबले. लोक सूतगिरण्यांत गेले. तेथे हजारो बायका-मुली राबल्या. आज त्या गिरण्याही बंद आहेत. दिन मात्र राहिला.

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले. त्यांतील कबीर विणकरच होते. न दिसणाऱ्या धाग्याचे मोल विणकराला कळते. पहाटे रस्ता झाडणारी मावशी, गटारात उतरणारा भाऊ, घरात दिवसभर राबणारी आई, हे सारे समाजाचे न दिसणारे धागे आहेत. त्यांच्या कष्टाचा दाम आणि मान मागताना लाजू नका. एकटे मागू नका, संघटितपणे मागा.