‘मला कळत नाही’ हे कुणाला सांगायचे?

डिसेंबर उजाडला की आपल्या व्यवसायात स्नेहमेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. पदवीला पंचवीस वर्षे झाली म्हणून कुणाची बॅच लोणावळ्यात जमते, कुणाची गोव्यात. टी-शर्ट छापले जातात, निवृत्त सरांना शाल-श्रीफळ दिले जाते, रात्री गाणी रंगतात आणि सोमवारी सकाळी जो तो आपापल्या ओपीडीत. यात वावगे काही नाही. पण वर्षाचे उरलेले दिवस या बॅचचे करायचे काय, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो.

तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याची अडचण पाहा. पावसाळ्यात पहाटे एका शेतमजूर बाईला घेऊन येतात. पोटात दुखते आहे, गिळायला त्रास होतो आहे, पापण्या जड झाल्या आहेत. दंशाची खूण कुठेच नाही. मण्यार मनात येते, पण खात्री होत नाही. ‘मला नीट कळत नाही’ हे नातेवाइकांना सांगण्याची सोय नाही. समोरच्या चौकातल्या डॉक्टरांना तर नाहीच नाही. शहरातल्या बड्या कन्सल्टंटला अशा वेळी उठवायचे कसे? मग जिल्हा रुग्णालयात मेडिसिनला असलेल्या बॅचमेटला फोन जातो. तो आधी एक शिवी हासडतो आणि मग विचारतो, “जमिनीवर झोपली होती का? मान उचलता येते का? एएसव्ही चालू कर, अँबू हाताशी ठेव. निओस्टिग्मिनच्या भरवशावर राहू नकोस, मण्यारीत त्याचा फारसा उपयोग होत नाही. आणि व्हेंटिलेटर असेल तिथेच पाठव.” संभाषण पाच मिनिटांत संपते. या फोनला वैद्यक परिषदेचे क्रेडिट पॉइंट मिळत नाहीत. आम्हांला विचाराल तर मिळायला हवेत.

ही माहिती पुस्तकातही सापडली असती. पुस्तकाशी बोलताना धीर येत नाही, एवढेच. आडनावाच्या आद्याक्षरामुळे डिसेक्शनच्या एका टेबलावर आलेल्यांनी एकमेकांना ब्रेकियल प्लेक्ससवर गडगडताना पाहिलेले असते. त्यांच्यापुढे जायला अब्रू उरलेलीच नसते. प्रॅक्टिस वाढत जाते तशी आपले अज्ञान उघड करता येईल अशी माणसे कमी होत जातात, आणि शेवटी बॅचचेच चारदोन जण उरतात.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची पहिली तुकडी १८५१ साली बाहेर पडली. आठ जणच होते. भाऊ दाजी, आत्माराम पांडुरंग आणि मूळचे गोव्याचे लिस्बोआ त्यांतलेच. पुढे लिस्बोआ वनस्पतिशास्त्रात रमले, तर भाऊ दाजींनी कुष्ठरोगावरील उपचारांचा ध्यास घेतला. पण पदवी मिळाली म्हणून कॉलेजशी संबंध संपला, असे त्या काळी मानले गेले नाही. प्राचार्य मोरहेड यांच्या पुढाकाराने ग्रँट कॉलेज मेडिकल सोसायटी निघाली आणि तिथे पदवीधर मंडळी आपल्या केसेसवर निबंध वाचू लागली.

आज त्या सोसायटीची जागा व्हॉट्सॲपच्या ग्रुपने घेतली आहे, पण काम मात्र घेतलेले नाही. सकाळी फुलांची चित्रे, दुपारी राजकारणावरून हमरीतुमरी, संध्याकाळी कुणीतरी रागावून ग्रुप सोडतो. या गदारोळात एखाद्याने ईसीजी टाकलाच, तर “एवढेही येत नाही?” अशी चेष्टा होते. चेष्टा करणारा विसरून जातो, पण विचारणारा पुन्हा विचारत नाही. म्हणून केसेससाठी वेगळा ग्रुप असावा, तिथे शुभेच्छांना मज्जाव असावा आणि चेष्टा करणाऱ्याला मुख्य ग्रुपवर परत पाठवावे. ईसीजीच्या पट्टीवरचे, एक्स-रेच्या कोपऱ्यातले रुग्णाचे नाव झाकल्याशिवाय फोटो टाकू नये. सल्ला कुणाचाही असो, निर्णयाची जबाबदारी रुग्ण ज्याच्यासमोर आहे त्याचीच, हे २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांतही स्पष्ट आहे. तेव्हा मिळालेला सल्ला केसपेपरवर नोंदवून ठेवावा.

एका गोष्टीबद्दल स्पष्टच बोलायला हवे. मैत्रीच्या नावाखाली पेशंट आपल्याच बॅचच्या हॉस्पिटलात पाठवायचा आणि पाकीट यायची वाट पाहायची, हाही ‘संपर्क’ काही ठिकाणी चालतो. ही मैत्री नव्हे, कट प्रॅक्टिसच. मित्र चांगला सर्जन असेल तर पेशंट जरूर पाठवावा. तो नसेल, तर दुसऱ्याकडे पाठवल्याचे वाईट त्याने वाटून घेऊ नये.

आणि जे कुठल्याच ग्रुपमध्ये नाहीत त्यांचे काय? लग्नानंतर आडनाव बदललेल्या, मुलांच्या पायी प्रॅक्टिस सोडलेल्या मैत्रिणी सापडत नाहीत. पीजी न मिळालेला, एखाद्या केसच्या कोर्टकचेरीत पिचलेला किंवा व्यसनात सापडलेला मित्र बोलावूनही येत नाही. मेळाव्याच्या मंचावरून यशस्वी मंडळींची ओळख करून देताना आपण त्याला आणखी लांब ढकलतो. अशा मित्राला पत्रिका धाडून भागत नाही. दोघांनी त्याच्या गावी जावे, तेही कार्यक्रमाचे नाव न काढता. कुणाची अँजिओप्लास्टी झाली तर जवळच्या चौघांनी पाळीपाळीने त्याचा दवाखाना सांभाळावा. एकट्याच्या दवाखान्याला महिनाभर कुलूप लागले की पेशंट दुसरीकडे वळतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

पुढील अंकापासून शेवटच्या पानावर ‘बॅचचा शोध’ हा मजकूर विनामूल्य छापू. कॉलेजचे नाव, प्रवेशाचे वर्ष आणि शोध घेणाऱ्याचे नाव कळवावे. ज्याचा शोध चालू आहे त्याचे नाव किंवा फोन नंबर मात्र आम्ही छापणार नाही. संपर्क साधायचा की नाही, हे त्याने ठरवावे.