शिडी कोण लावतं?

मुलांनो, पैसे भरून एव्हरेस्टवर जाणाऱ्या हौशी गिर्यारोहकांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. पण त्यांच्याआधी खुंबूच्या हिमप्रपातात शिड्या नि दोर कोण बांधतं, ठाऊक आहे? शेर्पांची एक तुकडी. तिचं नाव चक्क ‘आइसफॉल डॉक्टर’! बर्फ सतत सरकतो, मग शिडी पुन्हा लावायची. ऊन चढलं की धोका वाढतो, म्हणून अंधारातच निघायचं. हौशी मंडळी ही वाट मोजक्या वेळा ओलांडतात. तंबू, शिधा, ऑक्सिजनची नळकांडी वाहणारे शेर्पा कितीतरी वेळा.

१८ एप्रिल २०१४ ला सकाळी वरच्या कड्याचा बर्फ तिथं कोसळला. १६ जण गेले. सगळे नेपाळी कामगार.

वर्गात एकीनं विचारलं, “बाई, शिखरावरच्या फोटोत शेर्पा का नसतात?”

“अगं, पुष्कळदा फोटो तेच काढत असतात ना!”