रांगेतल्या मजुराच्या वेळेला किंमत नाही काय?

सवलतीच्या दराने माल विकणाऱ्या शहरातल्या मोठ्या दुकानात सामानाची ट्रॉली काउंटरवर येते, यंत्राच्या लाल उजेडापुढून पुडे सरकतात, बिल निघते आणि गिऱ्हाईक बाहेर पडते. अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय या गावी २६ जून १९७४ रोजी च्युइंग गमच्या पाकिटावरचा बारकोड दुकानातल्या यंत्राने पहिल्यांदा वाचला. जर्मनीच्या आल्डी दुकानांनी तर पुड्यांच्या अनेक बाजूंना लांबलचक बारकोड छापले. कशासाठी? तर कॅशियरला पुडा फिरवत बसावे लागू नये म्हणून! आपल्याकडे डी-मार्टचे पहिले दुकान २००२ साली मुंबईत पवईला निघाले. स्वस्त विकायचे तर गिऱ्हाईक काउंटरवर अडकता कामा नये, हे गणित व्यापाऱ्याला पक्के ठाऊक आहे.

आता आमच्या आखाडा बाळापूर परिसरात या. इथल्या रेशन दुकानाच्या काउंटरवरही यंत्र आहे. ई-पॉस मशीन म्हणतात त्याला. फरक एवढाच, की शहरातले यंत्र माल तपासते, आमच्याकडचे यंत्र माणूस तपासते. अंगठा जुळला तर धान्य, नाही तर रिकामी पिशवी. हळद काढून, कापूस वेचून, विटा उचलून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचाच अंगठा मशीन घेत नाही. "मावशी, थम येईना, उद्या या." उद्या सर्व्हर बंद. परवा दुकान बंद. एका शेतमजूर बाईने आमच्यासमोर सरळ हिशेब मांडला, "वकीलसाहेब, धान्य फुकट म्हणतात, पण माझी तीन रोजाची मजुरी गेली की!"

या हिशेबाला सरकारी दप्तरात रकाना नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा कायदा झाला. मजुराच्या तासाला मोल आहे, हे तेव्हा कायद्याने मान्य केले. रेशनच्या रांगेत ते मोल कुठे जाते?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबात माणशी दरमहा ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा हक्क आहे. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. अंगठा जुळला नाही किंवा नेटवर्क नाही म्हणून कोणालाही धान्य नाकारू नये, नोंदवहीत नोंद करून द्यावे, असे केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना कळवले. हक्काचे धान्य मिळाले नाही तर कलम ८ प्रमाणे अन्न सुरक्षा भत्ता देय आहे. कलम १५ प्रमाणे जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आहे. कायदा आहे, पण रांगेतल्या माणसाला तो सांगणार कोण?

यंत्राला आमचा विरोध नाही. बोगस नावांवर धान्य उचलणाऱ्यांना आळा बसलाच पाहिजे. सर्व्हर बंद पडला तर दुकानदार तरी काय करणार, हेही खरे. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेमुळे दुसऱ्या दुकानात जाता येते. पण तिथेही हाच झिजलेला अंगठा लावावा लागतो!

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. अंगठा जुळला नाही तर त्याच दिवशी नोंद करून धान्य द्या. नाकारायचे असेल तर कारण लिहून द्या. मजूर कामावर निघण्यापूर्वी आणि परतल्यावर दुकान उघडे ठेवा. आणि कार्यकर्त्यांनो, धान्यवाटपाच्या दिवशी तासभर रांगेजवळ उभे राहा. परत पाठवलेल्या प्रत्येकाचा अर्ज तिथेच लिहून घ्या.

व्यापारी आपल्या गिऱ्हाइकाचे सेकंद मोजतो, कारण गिऱ्हाईक निघून गेले तर त्याचे नुकसान होते. रेशनच्या रांगेतली बाई निघून गेली तर नुकसान कोणाचेच होत नाही. फक्त तिच्या घरची चूल पेटत नाही.