नकाशातली हिरवाई कोणाची?

भारतीय वन सर्वेक्षणाचा २०२३ सालचा अहवाल २१ डिसेंबर २०२४ रोजी डेहराडून येथे प्रसिद्ध झाला. देशात ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे भूभागाच्या २१.७६ टक्के वनाच्छादन आहे, असे त्यात नमूद आहे. २०२१ च्या तुलनेत त्यात १५६ चौरस किलोमीटरची भर पडल्याचे सांगून राज्यकर्त्यांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. हा आकडा ज्या नकाशावरून निघतो तो नकाशा कसा जुळवला जातो, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. डाव्या चळवळीनेही हा विषय तंत्रज्ञांचा म्हणून सोडून दिला आहे. ही उपेक्षा महाग पडणारी आहे.

एखाद्या प्रदेशाचा वनस्पति-नकाशा एका दृष्टिक्षेपात तयार होत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे, वनखात्याच्या नोंदी, महसूल खात्याची गावदप्तरे, हवाई छायाचित्रे, उपग्रहाच्या प्रतिमा आणि वनस्पतिशास्त्रज्ञांच्या टिपणवह्या अशी नाना प्रकारची सामग्री त्यासाठी एकत्र करावी लागते. प्रत्येकीचे साल निराळे, प्रमाण निराळे, हेतूही निराळा. महसूल खात्याने सारावसुलीसाठी जमीन मोजली, वनखात्याने लाकडासाठी. त्यांच्या नोंदी जिथे परस्परविरोधी असतात तिथे कोणाचा शब्द ग्राह्य धरायचा, हे कोणाला तरी ठरवावेच लागते. हा निर्णय वरवर तांत्रिक दिसतो. वस्तुतः तो जमिनीवरील हक्कांविषयीचा निर्णय असतो.

प्रथम मोजमापाचा प्रश्न घ्यावा. १९८७ च्या पहिल्या वन अहवालासाठी दहा लाखास एक या प्रमाणावर काम झाले आणि ४०० हेक्टरांहून लहान तुकडा त्यात धरलाच गेला नाही. पुढे प्रमाण बदलत गेले, आणि २००१ मध्ये एक हेक्टरचा तुकडाही मोजणीत आला. १९९९ च्या अहवालातील ६,३७,२९३ चौरस किलोमीटरचा आकडा २००१ मध्ये ६,७५,५३८ वर गेला. दोन वर्षांत ३८,२४५ चौरस किलोमीटरची ही जी वाढ दिसली, तिचे प्रमुख कारण मोजण्याच्या पद्धतीत होते. सूक्ष्म मोजणी ही प्रगतीच आहे, याबद्दल वाद नाही. परंतु दोन निराळ्या मापांनी मोजलेले आकडे एका ओळीत मांडून त्यांतून कर्तबगारी सिद्ध करणे हा अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थ्यालाही न शोभणारा प्रमाद आहे.

त्याहून गंभीर प्रश्न व्याख्येचा आहे. एक हेक्टर वा अधिक क्षेत्र आणि दहा टक्के वा अधिक वृक्षछत्र असले की ती जमीन वनाच्छादित ठरते. मालकी कोणाची, झाड कोणते, याची चौकशी होत नाही. त्यामुळे सिंधुदुर्गातील काजूची आणि रत्नागिरीतील हापूसची बाग सह्याद्रीच्या सदाहरित रानाच्याच रकान्यात बसू शकते. बागाईतदाराच्या कष्टांविषयी अनादर बाळगण्याचे कारण नाही. पण कलमांची बाग म्हणजे रान नव्हे, हे कोकणातील शेंबडे पोरही सांगेल. रानातून मध, हिरडा, शिकेकाई, कंदमुळे आणि सरपण मिळते. ते भूमिहीनाच्या उदरनिर्वाहाचे साधन आहे. कुंपण घातलेली बाग त्याला यांपैकी काही देत नाही. खाणीसाठी किंवा धरणासाठी तोडलेले रान आणि भरपाई म्हणून केलेली एकसुरी लागवड एकाच रंगात रंगवली, की जमाखर्च जुळतो आणि गरिबाचे नुकसान हिशेबातून नाहीसे होते.

झाडे नसलेल्या जमिनीचे काय होते? सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतील माळराने निसर्गतःच गवताळ आहेत. धनगरांची मेंढरे पिढ्यान् पिढ्या त्यांवर जगली. याच माळांवर माळढोक वावरत असे, म्हणून १९७९ मध्ये नान्नजच्या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तथापि महसुली परंपरेत सारा न देणारी जमीन ती पडीक. आधुनिक उपग्रह-नकाशांनी हा वसाहतकालीन शब्द टाकून देण्याऐवजी अंगीकारला. २०१९ च्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात देशातील ५.५७ कोटी हेक्टर भूमी या सदराखाली आहे, आणि झुडपी व चराऊ जमिनींचा मोठा हिस्सा तीत येतो. एकदा पडीक ठरली की जमीन कोणालाही देता येते. २०२३ च्या हरित पतनियमांखाली फेब्रुवारी २०२४ मध्ये आखलेल्या पद्धतीत झुडपी आणि पडीक जमिनीवर हेक्टरी किमान ११०० झाडे लावण्याची अपेक्षा होती. पैसा लावणाऱ्याला पत मिळणार. मेंढपाळाची चराई बुडणार.

असे नकाशे प्रामाणिकपणे करता येतात, याचा दाखला भारतातच आहे. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेत गॉसेन, लेग्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकापासून दहा लाखास एक या प्रमाणावर वनस्पति-नकाशे काढले. १९८० च्या दशकात पास्काल यांनी पश्चिम घाटाचे अधिक तपशीलवार नकाशे सिद्ध केले. बेळगाव-धारवाड-पणजी हा त्यांतलाच एक. पाऊस, कोरड्या महिन्यांची संख्या आणि वृक्षजाती यांची सांगड त्यांत घातलेली आहे. महत्त्वाचे म्हणजे दाट रानापासून झुडपापर्यंतच्या ऱ्हासाच्या पायऱ्या त्यांत वेगळ्या दाखवल्या आहेत. त्यामुळे झुडूप हे निरुपयोगी जमिनीचे लक्षण न राहता एका ऱ्हासाची साक्ष ठरते.

यंत्र खोटे बोलत नाही, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. यंत्र खोटे बोलत नाही हे खरे. पण त्याला कोणता प्रश्न विचारायचा हे माणूस ठरवतो. वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांनी हे ओळखले आहे. उपग्रह-प्रतिमा अन्य पुराव्याला पूरक ठरू शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही, असे ते नियम सांगतात. म्हणून केवळ प्रतिमेत शेत दिसत नाही एवढ्यावर आदिवासीचा दावा फेटाळणे हा सरळ नियमभंग आहे. झाडांखालची नाचणी-वरईची तुटक खाचरे आकाशातून शेत म्हणून ओळखू येतीलच असे नाही.

उपग्रहावर बहिष्कार घालणे हे यावरचे उत्तर नव्हे. तो विज्ञानविरोध ठरेल. मागणी नेमकी हवी. प्रत्येक नकाशासोबत मूळ सामग्रीचे साल, प्रमाण आणि व्याख्या प्रसिद्ध व्हावी. नैसर्गिक रान, लागवड आणि बाग यांना स्वतंत्र रंग मिळावेत, गवताळ माळाला त्याचे स्वतःचे नाव मिळावे. गावाच्या हद्दीसह नकाशा मराठीत ग्रामसभेपुढे ठेवला जावा, आणि तिच्या पडताळणीवाचून जमिनीचा कोणताही निर्णय त्यावर आधारला जाऊ नये. हवाई छायाचित्रे दीर्घकाळ संरक्षण खात्याच्या परवानगीत अडकली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतीय कंपन्यांसाठी ही बंधने सैल झाली. कंपनीला जे पाहता येते ते गावाला का पाहता येऊ नये?

मेंढा-लेखाने २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. आपल्या रानाची हद्द आणि त्यातील संपत्ती त्या गावाला ठाऊक होती, त्यामागे वर्षानुवर्षांचा अभ्यास आणि संघटना होती. कार्यकर्त्यांनी सातबारा वाचायला शिकून कुळांचे लढे लढवले. आता त्यांनी नकाशा वाचायला शिकले पाहिजे. जमिनीची पुढची लढाई त्याच्या रंगांवरून होणार आहे.