थांबलेला वायपर



गेल्या आषाढात एका रात्री चोर्ला घाटातून बेळगावास परतत होतो. पावसाची झड अशी की, दिव्यांचा उजेड चार हातांपलीकडे पोहोचेना. अशात समोरच्या काचेवरील वायपर एकाएकी थबकले. आमच्या चालकाने बटण तसेच चालू ठेवून रुंद जागा पाहून गाडी कडेला घेतली. काही मिनिटे लोटली आणि वायपर आपसूक हलू लागले! “फादर, झाले ठीक,” असे म्हणून तो निघणार, तोच ते पुन्हा थांबले. उतरून पाहिले, तो काचेच्या तळाशी दांड्याच्या सांध्यात एक काटकी घट्ट रुतलेली. ती काढली, थोडा वेळ थांबलो, आणि मग वायपर पूर्ववत चालले.

हा काय प्रकार असावा? १९०३ साली अमेरिकेतील मेरी अँडरसन या बाईंनी ज्या वायपरचे पेटंट मिळविले, तो आतून हाताने दांडी ओढून चालवावयाचा असे. अडथळा आल्यास हाताला तो तत्काळ कळे. आज हे काम विजेची मोटार करते. तिची गती रोखली गेली म्हणजे ती वीज अधिकच ओढू लागते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, आणि आतील तारांवरील लेप जळण्याचे भय उत्पन्न होते.

म्हणून पुष्कळ मोटारींत एक लहानशी पट्टी बसविलेली असते. ती दोन भिन्न धातूंची असून तापताच त्या कमी-अधिक प्रसरण पावतात. पट्टी वाकते व प्रवाह तुटतो. निवाली की ती सरळ होऊन प्रवाह पुन्हा जोडते. आमचे वायपर आपोआप चालू झाले ते यामुळे. दोष मात्र तसाच होता. काही नव्या गाड्यांत हीच राखण विद्युत्-यंत्रणा करते. फ्यूजचे तसे नाही. तो एकदा वितळला की बदलावाच लागतो.

तेव्हा वायपर थांबल्यास बटणाशी झटापट करू नये. गाडी सुरक्षित जागी उभी करून बटण व किल्ली दोन्ही बंद करावीत, आणि मगच पाने, काटक्या, चिखल दूर करावा. कोरड्या काचेवर वायपर फिरवू नये. घर्षणाने मोटारीवर भार येतो. पुन्हा पुन्हा थांबत असल्यास सांधे गंजले असतील, मिस्त्रीस दाखवावे.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. फ्यूज वारंवार जातो म्हणून काहीजण त्याच्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज किंवा चक्क तांब्याची तार घालतात. वायपर चालत नाही ही अडचण होय. पण तारा पेटून गाडीस आग लागणे हा अनर्थ होय. रक्षकास दूर करून घर सुरक्षित राहत नाही. पावसाळा तोंडावर येण्यापूर्वीच वायपरची पाती, सांधे व फ्यूज तपासून घ्यावेत, हे बरे.